शेवटचा बदल आज सकाळी

मंगळवार, ४ मार्च

आज एका बापाने आमच्या दारात उभं राहून जे सुनावलं ते लिहून ठेवते. धाकटा ते विसरायच्या बेतात आहे, आणि विसरण्यासारखं ते नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. पन्नाशी ओलांडली, पण मला तो धाकटाच. पायाला त्रास असलेल्यांसाठी तो मापाचे बूट करतो. आखूड पाय, वाकडी बोटं, साखरेच्या आजाराने बधिर झालेले तळवे, असे पाय त्याच्याकडे येतात. निदान पूर्वी यायचे. जानेवारीत आमचा छापखाना बंद पडला आणि मी माझी ट्रंक घेऊन त्याच्या कारखान्यामागच्या खोलीत राहायला आले. चौतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. इथे माझ्याकडे फोन उचलायचं काम दिलंय. फोन वाजत नाही, त्यामुळे काम चोख चाललंय.

तर ते दोघं सकाळी अकरालाच जुन्या पत्त्यावर पोचले होते, आमच्याकडे आले दुपारी तीनला. बाप आणि विशीतली लेक. लेकीचा उजवा पाय सव्वा इंच आखूड. बुटाची उंच टाच निखळलेली, ती तिने पिशवीत घातलेली. आमच्या वेबसाइटवर अजून जुना पत्ता आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पोरगी बापाच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढली आणि वर निघाला दातांचा दवाखाना. फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही. शेवटी खालच्या किल्ल्या करणाऱ्याने आमचा ठावठिकाणा सांगितला.

बाप म्हणाला, "तुम्ही जागा बदललीत ना? सामान हलवलंत, यंत्रं हलवलीत. एक ओळ हलवायला काय झालं होतं?"

धाकटा खाली बसला, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि अर्ध्या तासात टाच बसवून दिली. जाताना ती म्हणाली, "छान झालं." बापाने पैसे मोजून बाकावर ठेवले आणि पाठ फिरवली. मला ते जास्त लागलं.

बुधवार, ५ मार्च

वेबसाइट पाहिली. लाज वाटली.

सवयीने चुका मोजल्या. पहिल्याच पानावर एकेचाळीस. 'बूट'चा 'बुट', 'तळवा'चा 'तवळा'. वर पळण्याचे बूट घातलेला एक हसरा तरुण, त्याच्या पायाला काहीही झालेलं नाही. खाली 'नवीन फोटो लवकरच'. आणि सगळ्यात तळाशी बारीक अक्षरात 'शेवटचा बदल', पुढे तीन वर्षांपूर्वीची तारीख. छापलेल्या पुस्तकात चूक राहिली तर ती बिचारी राहते. ही तर रोज नव्याने लोकांना फसवत होती.

वेबसाइट केली होती भावजयीच्या भावाने. घरात त्याला आरंभशूर म्हणतात. सगळं तोच सुरू करतो आणि काहीच संपवत नाही. त्याला फोन केला.

"ताई, पासवर्ड आहे ना. माझ्या जुन्या फोनमध्ये."

"जुना फोन कुठे आहे?"

"तो मी दुरुस्त करायला उघडला होता."

"मग?"

"मग काय, उघडलाय."

गुरुवार, ६ मार्च

धाकटा चामडं आणायला गेला. इस्त्रीचा शर्ट घालून. भावजयीने हातात एक फाइल दिली, नमुने असतील. चामडं काही आलं नाही. मनासारखं मिळालं नाही म्हणाला.

मी त्याला म्हटलं, वेबसाइट मी हातात घेते. तो म्हणाला, "ताई, लोक पाय बघून बूट घेतात, वेबसाइट बघून नाही. पण तुझा वेळ जात असेल तर कर." हे 'तुझा वेळ जात असेल तर' मला आवडलेलं नाही.

सोमवार, १० मार्च

आत शिरले.

चार दिवस लागले. आरंभशूराने आपलं ओळखपत्र, जुना ईमेल आणि स्वतःच्या सहीचं पत्र दिलं (तीन वेळा मागावं लागलं), आणि ज्या कंपनीच्या जागेवर वेबसाइट ठेवलीय तिच्या मदतकेंद्रातल्या बाईंनी मला फोनवरून बोट धरून आत नेलं. आवाजावरून चाळिशीच्या असाव्यात. त्यांना मी पहिल्यांदाच सांगून टाकलं, "मला यातलं काही कळत नाही, पण मला दोनदा सांगावं लागत नाही." त्या म्हणाल्या, "मॅडम, मला बहुतेक उलटेच भेटतात."

पत्ता बदलला. फोन नंबर बदलला. मग 'जतन करा' दाबायला बोट जाईना. छापखान्यात माझ्यानंतर निदान दोन माणसं पाहायची. इथे दाबलं की जगासमोर. पत्ता मोठ्याने सात वेळा वाचला. दाबलं.

तळाशी आपोआप आलं: 'शेवटचा बदल: आज, सकाळी ११.२०'. मी खुर्चीत बसूनच एकदा टाळी वाजवली. भावजय धावत आली, तिला वाटलं डास.

गुरुवार, १३ मार्च

एकेचाळीस चुका काढल्या. पळणारा तरुणही काढला. धाकट्याला म्हटलं, बघ तरी एकदा. "हाताला खळ लागलीय," म्हणाला. नंतर परत इस्त्रीचा शर्ट घालून चामडं आणायला गेला. या गावात चामडं मिळायचं बंद झालंय की काय.

सोमवार, १७ मार्च

'घरच्या घरी पायाचं माप कसं घ्यावं' असं एक नवीन पान लिहिलं. चार दिवस धाकट्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तो एका वाक्यात उत्तर देतो आणि त्या वाक्यात क्रियापद नसतं. मग मी भावजयीचा पाय कागदावर ठेवून, पेन्सिल फिरवून स्वतः करून पाहिलं आणि मग लिहिलं. फोटो तिच्याच पायाचे. ती म्हणाली, "वन्सं, आता जगाला माझं कुरूप दिसणार." मी म्हटलं, "कुरुपासाठीच तर आपलं दुकान आहे."

मंगळवार, १८ मार्च

पहिला निरोप आला. वेबसाइटवर 'आम्हाला लिहा' असा एक चौकोन आहे, त्यातून. वेळ पहाटे पावणेसहा. नावाच्या जागी 'एक वाचक'. मजकूर असा:

'आखूड पायाला जेवढा फरक तेवढी टाच द्यावी असं लिहिलंय. चूक. पहिल्या जोडीला सगळी उंची एकदम देत नाहीत. कंबर दुखते. टप्प्याटप्प्याने.'

माझ्या पानात चूक. चौतीस वर्षं मी ज्या धंद्यात काढली त्यात हा शब्द मी उच्चारायची, ऐकायची नाही. चहाच्या वेळी धाकट्याला वाचून दाखवलं. त्याने कपातून मान वर केली नाही.

"बरोबर आहे तो."

"कोण असेल?"

"असेल कोणीतरी रिकामटेकडा."

दुरुस्ती केली. शिष्टाचार म्हणून 'एक वाचक' यांचे आभारही मानले असते, पण त्याने ईमेल दिलेला नाही. घमेंडखोर दिसतोय.

शनिवार, २२ मार्च

मदतकेंद्रातल्या बाईंनी आज बॅकअप शिकवला. म्हणजे सगळ्या वेबसाइटची एक प्रत काढून वेगळी ठेवायची. "दर आठवड्याला एक वार ठरवा आणि मोडू नका," म्हणाल्या. मी शनिवार ठरवला.

या आठवड्यात फोन सहा वेळा वाजला. दोन चुकीचे होते, पण वाजले.

रिकामटेकड्याचा पुन्हा निरोप, पुन्हा पावणेसहाला: 'तिसऱ्या फोटोत डावा बूट उजवीकडे ठेवलाय.' तपासलं. ठेवलाय. हा माणूस झोपतो कधी?

गुरुवार, ३ एप्रिल

धाकटा बाहेरून आला आणि आरीला हात न लावता बाकावर बसून राहिला. भावजयीने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "एक तारखेपासून बोलावलंय. मे."

मी विचारलं, "कोणी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "व्यापाऱ्याने," तो म्हणाला. भावजय आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. तिला चामड्याच्या धुळीचा त्रास आहे. कितीदा सांगितलं, तोंडाला फडकं बांध म्हणून.

चामडं द्यायला व्यापारी महिनाभर थांबायला लावतो, यात एवढं गप्प होण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. जेवताना मीच बोलत होते. 'एक वाचक'चा आजचा निरोप सांगितला: 'मापाचं पान पुन्हा वाचलं. समजलं.' बाकी काही नाही, एवढंच. दोनच वाक्यं, पण अशा माणसाकडून. धाकटा म्हणाला, "चांगलं लिहिलं असेल मग."

"तू न वाचता कशाला बोलतोस," मी म्हटलं.

सोमवार, ७ एप्रिल

फोन वाजला आणि पलीकडून विचारलं, "मापाचं पान कोणी लिहिलं?"

मला वाटलं, तक्रार. म्हटलं, "मी. काही चुकलं का?"

त्या हाडांच्या मोठ्या इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या मुख्य बाई. त्या म्हणाल्या, "मी रोज कुणाला तरी सांगते, मापाचे बूट घ्या. मग ते विचारतात, कुठून? मी तीन ठिकाणचे पत्ते द्यायचे. दोन बंद निघाले, एक सापडलाच नाही." तो न सापडलेला आमचा होता. मी तसं सांगितलं.  मग त्या हसल्या. "म्हणजे बूट तुम्ही खरंच करता ना? उद्या येते बघायला."

मंगळवार, ८ एप्रिल

मुख्य बाई आल्या. उंच, केस आखूड, खिशात मोजपट्टी. धाकट्याचे लाकडी फर्मे, म्हणजे एकेका पायाच्या आकाराचे साचे, एकेक हातात घेऊन पाहिले. तो खळ ढवळत बसला होता. शेवटी त्यांनी एक वाकडा फर्मा उचलून विचारलं, "हा पाय कसा चालायचा?" आणि धाकटा सुरू झाला. मी त्याला एवढं बोलताना त्याच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

ठरलं ते असं. इस्पितळ आपल्या रुग्णांना आमच्या वेबसाइटचा पत्ता छापलेलं पत्रक देणार. पहिले बारा जण तिथेच वेळ नोंदवणार. महिनाअखेरीला मापं, सहा जूनला इस्पितळाच्या व्हरांड्यात नवे बूट घालून चालण्याची चाचणी. ती नीट झाली तर इस्पितळाच्या यादीत आमचं नाव कायमचं.

जाताना त्या माझ्याकडे वळल्या. "एक अट तुमच्यासाठी. पानावर जे असेल ते त्या दिवशी खरं असलं पाहिजे. वेळ, सुट्टी, सगळं. माझी माणसं चुकून आली तर 'अरेच्चा' म्हणून परत जाऊ शकत नाहीत. त्यांचा तो अख्खा दिवस असतो."

मी म्हटलं, "मला माहीत आहे." तो बाप आठवला.

गुरुवार, १७ एप्रिल

धाकटा आज चामडं आणायला गेला नाही. सकाळीच भावजयीला म्हणाला, "त्यांना कळव, येत नाही म्हणून."

ती म्हणाली, "आणि हे नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर नाही जमलं."

"पुन्हा विचारणार नाहीत ते."

"माहीत आहे."

मी मध्ये पडले. म्हटलं, बरं केलंत, दीड महिना खेटे घालून ज्याच्याकडून एक कातडं आलं नाही त्या व्यापाऱ्याचं काय घेऊन बसलाय. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग भावजय हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. धूळच.

नोंदणीचं पान तयार झालं. वेबसाइटच्या आतल्या बाजूला आजपासून एक लाल ठिपका दिसतोय, 'अपडेट करा' म्हणतो. सगळं सुरळीत चालू आहे. चालत्या गाडीचं चाक कशाला काढा. बघू नंतर.

रविवार, २७ एप्रिल

काल संध्याकाळी पत्रकं वाटली आणि आज दुपारपर्यंत बाराच्या बारा नोंदी. दर नोंदीबरोबर लोकांनी आपल्या पायाची हकिगत लिहिलीय. मी 'त्रास थोडक्यात लिहा' म्हटलं होतं. थोडक्यात कुणीच लिहिलेलं नाही.

शेवटची नोंद एका निवृत्त कंडक्टरबाईंची: 'डावा पाय बसच्या दारात सापडला. आठ वर्षं लेकीचा हात धरून चालते. ती कंटाळली नाही, मी कंटाळले.'

नोंद आली की तिची प्रत ईमेलवरही यावी, अशी सोय करता येते म्हणे. उद्या करते. आज कारखान्यातला संगणक नोंदी उघड्या ठेवूनच झोपते, सकाळी पहिल्यांदा त्याच बघायच्या.

सोमवार, २८ एप्रिल

हा दिवस मी घडला तसा लिहिणार आहे, माझ्या चुकीसकट.

सव्वाआठला मुख्य बाईंचा फोन. आवाज थंड. "तुमचं पान उघडलं तर जुगार निघतोय."

उघडलं. आमच्या नावाखाली पत्ते, फिरतं चाक आणि 'नशीब आजमावा'.  मदतकेंद्रातल्या बाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "मॅडम, लाल ठिपका दिसत होता का?"

"अकरा दिवस."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच होता की एका दाराची कडी सैल झालीय, घट्ट करा. मी ती केली नाही. कोणीतरी आत आलं.

मग तीन तास त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. आधी पान बंद करून तिथे 'काम चालू आहे, फोन करा' एवढीच पाटी. सगळे पासवर्ड बदलले. आत एक भलताच माणूस मालक होऊन बसला होता, त्याला काढला. मग शनिवारी सकाळी काढलेली प्रत परत चढवली. सगळी अपडेट्स केली. साडेअकराला पान उघडलं. पत्ता, वेळा, भावजयीचा पाय, सगळं जागेवर.

फक्त बारा नोंदी नाहीत. त्या शनिवारी संध्याकाळनंतरच्या. ईमेलची सोय मी आज करणार होते.

परवापासून माणसं मापाला येणार आणि कोण, कधी, कोणत्या पायाने, मला काही माहीत नाही. पत्रकं वाटली होती साठ. मुख्य बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साठांतले कोणते बारा, ते मला कसं कळणार?"

मी चालू फोन हातात धरून कारखान्यात गेले आणि धाकट्याला म्हटलं, "मी घालवलं सगळं."

त्याने आरी खाली ठेवली. हात पुसले. "दे फोन," म्हणाला. आणि उभ्या उभ्या बोलायला लागला.

"बुधवार, नऊ वाजता. पुरुष. दोन्ही तळवे बधिर, उजव्या अंगठ्याखाली जखम होऊन गेलेली. पायऱ्या उतरताना भीती वाटते."

पलीकडून मुख्य बाई काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू येण्यासाठी त्याने फोनचा आवाज मोठा केला.

"...बँकेतले आजोबा. हो, तेच. पुढे?"

"दहा वाजता. बाई. टाच आत वळलेली, लहानपणापासून. दोन शस्त्रक्रिया झाल्यात."

"शिवणकामवाल्या. पुढे?"

"अकरा. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत."

"हा आमचा माळी. पुढे?"

असे बाराच्या बारा. तो पाय सांगायचा, त्या माणूस सांगायच्या. मी कागदावर उतरवत होते. एकदाच अडलं, सारख्याच वाकड्या घोट्याच्या दोन बहिणी निघाल्या. धाकटा म्हणाला, "थंडीत जास्त दुखतं लिहिलंय." "मग ही थोरली, आणि तो दुसरा घोटा धाकटीचा," मुख्य बाई म्हणाल्या. शेवटी त्याने कंडक्टरबाई सांगितल्या, गुरुवार दुपारी चार, आणि पलीकडून आवाज आला, "झाले बारा. तुम्हाला हे सगळं पाठ कसं?"

"पाय लक्षात राहतात," धाकटा म्हणाला आणि परत कामाला बसला.

मुख्य बाईंनी जाता जाता मला म्हटलं, "तुम्ही लगेच सांगितलंत म्हणून हे झालं. लपवलं असतंत तर माझ्याकडून संपलं होतं."

मी संध्याकाळी जेवताना पानावर आलेलं वाचून दाखवते ते हा इतकं कान देऊन ऐकतो, मला वाटलं नव्हतं. या बारा नोंदी मी त्याला कधी वाचून दाखवल्या ते मात्र आठवत नाही. दाखवल्या असतील.

ईमेलची सोय आजच केली. लाल ठिपका दिसला की त्याच दिवशी, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला डकवलं.

गुरुवार, १ मे

मापं झाली. बारा माणसं, चोवीस पाय. प्रत्येक जण दिलेल्या वेळेला आला, एकही चुकला नाही, एकही परत गेला नाही. पानावर मी 'दारात एक पायरी आहे, हाक मारा, आम्ही येतो' असं लिहिलं होतं. बारांपैकी नऊ जणांनी रस्त्यावरूनच हाक मारली. (बाकी तिघांना हाक मारायची गरज पडली नाही, धाकटा आधीच दारात उभा.)

कंडक्टरबाई लेकीचा हात धरून आल्या. बसल्या बसल्या धाकट्याला म्हणाल्या, "लवकर कर बाबा, मागे गर्दी आहे." मागे कोणी नव्हतं. त्यांची सवय.

सोमवार, १९ मे

पाच जोड तयार. भावजय यंत्रावर वरचे भाग शिवते, धाकटा तळ बांधतो, मी रोज सकाळी पान तपासते. फोन आता दिवसातून सात-आठ वेळा वाजतो. आरंभशूर आला होता. म्हणाला, "बघा ताई, मी वेबसाइट सुरू केली होती म्हणून." मी त्याला चहा दिला. काही झालं तरी ते खरंच आहे.

'एक वाचक' बरेच दिवस गप्प आहे. कामात असेल. मला त्याची सवय झाली होती, हे इथे लिहायला हरकत नाही.

शुक्रवार, ६ जून

इस्पितळाचा लांब व्हरांडा. एका बाजूला खुर्च्या, जमिनीवर वीस मीटरची पांढरी पट्टी आखलेली. मुख्य बाई टोकाला उभ्या, हातात घड्याळ. दोन डॉक्टर वह्या घेऊन. धाकटा भिंतीला टेकून, इस्त्रीचा शर्ट, शेजारी भावजय.

बँकेतले आजोबा पहिले. ते चालताना पायाकडे बघत होते. अर्ध्यावर गेल्यावर मान वर झाली. पट्टी संपली तिथे वळले आणि आपणहून दुसऱ्यांदा चालले. शिवणकामवाल्या बाई चालल्या, माळी चालला. दोघी बहिणी एकमेकींशी भांडत चालल्या आणि भांडताना दोघींपैकी कोणालाच तोल सांभाळावा लागत नव्हता, ते मुख्य बाईंनी मला हळूच दाखवलं. प्रत्येक जणाचं झालं की खुर्चीत बसून एक फॉर्म भरायचा: बूट कसे वाटले, कुठे टोचतात का.

कंडक्टरबाई शेवटच्या. लेकीने सवयीने हात पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला. "थांब तू इथे."

निघाल्या. डावा पाय जरा बाहेर टाकत, पण ठाम. पट्टी संपली. मुख्य बाईंनी घड्याळ दाबलं. कंडक्टरबाई थांबल्या नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला वळून त्या दिसेनाशा झाल्या.

आम्ही थांबलो. दोन मिनिटं, पाच मिनिटं. एक डॉक्टर म्हणाला, "पडल्या तर नाहीत?" मुख्य बाई धावल्या, लेक धावली, मीही. कोपऱ्यापलीकडे कोणी नाही. जिन्यात नाही. दाराशी पहारेकरी होता, त्याला विचारलं.

"त्या होय? बाहेर गेल्या. बस उभी होती, त्यात चढल्या."

"कोणाबरोबर?"

"एकट्याच की."

लेक तिथेच पायरीवर बसली. रडत होती की हसत होती, मला ठरवता आलं नाही. मुख्य बाई घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "आता मी वेळ काय लिहू?" आणि मग त्याही हसायला लागल्या.

आत आल्यावर त्यांनी धाकट्याचा हात हातात घेतला. "तुमचं नाव आजपासून यादीत. पुढच्या महिन्याला पंचवीस जण पाठवते, झेपेल?" धाकटा म्हणाला, "माणसं घ्यावी लागतील." मग माझ्याकडे बघून, "दोन कारागीर पाहिजेत म्हणून पानावर टाकशील का?"

परत येताना भावजय एका हाताने त्याचा इस्त्रीचा शर्ट धरून चालत होती, लहान मूल धरतं तसा.

शनिवार, ७ जून

सकाळी निरोप आला. कंडक्टरबाईंचा.

'काल फॉर्म भरायचा राहिला. बस दिसली, चढले. आठ वर्षांनी एकटी चढले. जागा होती तरी बसले नाही, दांडा धरून उभीच राहिले. नवा कंडक्टर म्हणाला बसा आजी. त्याला म्हटलं, तू तुझी तिकिटं बघ. बूट ठीक. डाव्या बुटाचा बंद चार बोटं लांब पाहिजे. मागच्या दाराने उतरले. लेक चिडलीय.'

त्यांना फोन करून विचारलं, हे पानावर लावू का. म्हणाल्या, "लाव. बंदाचंही लाव."

धाकट्याला सांगितलं. त्याने कात्री घेतली आणि चार बोटं जास्त मोजून नवा बंद कापला, मग पाचवं बोट मोजून आणखी थोडा. मी दुपारी तो मजकूर पहिल्या पानावर सगळ्यात वर लावला, बंदासकट. खाली 'दोन कारागीर पाहिजेत'. लाल ठिपका एक होता, तो काढला. मग सगळ्याची प्रत काढून ठेवली, शनिवार होता म्हणून.